काटा, अवधाण आणि गोळी

पायात बाभळीचा काटा रुततो. उपटून काढला तरी त्याचे टोक आत मोडून राहते. दुसऱ्या दिवशी तेवढाच भाग ठणकू लागतो, लाल होतो, हाताला गरम लागतो. तिसऱ्या दिवशी तिथे पू धरतो. आणि मग जिथे काहीच लागलेले नाही अशा ठिकाणी, जांघेत, सुपारीएवढी दुखरी गाठ येते. घरातल्या जुन्या माणसांना ती गाठ दाखवली की ती आधी पायाकडे बघतात. "अवधाण आलंय," म्हणतात, "कुठे लागलंय ते बघ."

जखम एकीकडे आणि गाठ दुसरीकडे, हा संबंध आपल्या भाषेने फार पूर्वी ओळखला आणि त्याला स्वतंत्र नावही दिले. पण त्या गाठीत नेमके काय चाललेले असते, हे नीट उलगडायला विसावे शतक निम्मे सरावे लागले. दरम्यान माणसाच्या हाती प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक्स आली आणि आजारातून आपण गोळीमुळे बरे होतो, असा एक समज घट्ट झाला. तो अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग या प्रकरणात पाहायचा आहे, आणि सुरुवात काट्यापासूनच करायची आहे.

मेसिनातला गुलाबाचा काटा

१८८२ सालचा डिसेंबर. इल्या मेचनिकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ इटलीतल्या सिसिली बेटावर, मेसिना या बंदराच्या गावी राहत होता. घरची मंडळी सर्कस बघायला गेली होती आणि तो एकटाच सूक्ष्मदर्शकाशी बसला होता. समोर तारामाशाच्या अळ्या होत्या, काचेसारख्या पारदर्शक. त्यांच्या अंगात इकडेतिकडे सरकणाऱ्या पेशी त्याला दिसत होत्या. या पेशी अन्नाचे कण गिळतात, हे ठाऊक होते. त्याच्या मनात आले, बाहेरून घुसलेल्या वस्तूवरही त्या अशाच धावून जात असतील का? बागेतून त्याने गुलाबाचे काटे आणले आणि अळ्यांच्या अंगात टोचले. रात्रभर त्याला झोप आली नाही. सकाळी पाहिले, तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला होता.

तारामाशाला रक्तवाहिन्या नाहीत, माणसासारखे रक्त नाही. तरीही तिथे पेशी चालून आल्या होत्या. शरीर आपले रक्षण स्वतः करते आणि ते काम चालत्याफिरत्या पेशी करतात, असा निष्कर्ष मेचनिकॉव्हने काढला. या पेशींना भक्षक पेशी हे नाव मिळाले. १९०८ साली मेचनिकॉव्हला पॉल एर्लिच यांच्याबरोबर विभागून नोबेल पारितोषिक देण्यात आले.

आपल्या पायातही हेच घडते. कातडीखालच्या मांसात मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या भक्षक पेशी कायमच्या वस्तीला असतात. काट्याबरोबर जिवाणू आत शिरले की त्या रासायनिक हाक देतात. आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून जागा लाल आणि गरम होते. वाहिन्यांच्या भिंती सैल पडून द्रव बाहेर झिरपतो, म्हणून सूज येते. त्या सैल भिंतींतून अंग चोरून बाहेर पडतात न्यूट्रोफिल, आपल्या पांढऱ्या पेशींतला सर्वांत मोठा गट. हाडांच्या मगजात रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार होतात, आणि रक्तात त्यांचे आयुष्य जेमतेम दिवसभराचे. जिवाणू गिळायचे, पोटातल्या जहाल रसायनांनी ते मारायचे आणि तिथेच मरून जायचे, एवढेच त्यांचे काम. पू म्हणजे मुख्यतः या मेलेल्या न्यूट्रोफिलांचा ढीग.

त्यांच्या पोटातल्या एका विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, रंगच हिरवा असतो. सर्दीत चार दिवसांनी शेंबूड घट्ट आणि हिरवट-पिवळा होतो तो बहुतेकदा याच पेशींमुळे. रंग बदलला म्हणजे आता अँटिबायोटिक हवेच, असे मानणारी माणसे घरोघरी आहेत. तो रंग मात्र आपल्याच फौजेचा असतो.

गाठीत भरलेली सभा

न्यूट्रोफिल लढत असताना दुसरीकडे एक शांत काम चालू होते. डेंड्रिटिक नावाच्या फांद्याफांद्यांच्या पेशी जखमेतल्या जिवाणूंचे तुकडे उचलतात आणि लसीकावाहिन्यांतून जवळच्या लसीकाग्रंथीकडे निघतात. पायातल्या जखमेसाठी ही ग्रंथी जांघेत असते, हातासाठी काखेत, घशासाठी गळ्याच्या दोन्ही बाजूंना. अवधाण येते ते इथेच.

या ग्रंथींतून लसीकापेशींची, म्हणजे टी पेशी आणि बी पेशींची, सतत ये-जा चालू असते. त्यातल्या प्रत्येकीच्या अंगावर एकाच ठरावीक आकाराची पकड असते. किल्ली एकाच कुलपाला लागावी तशी ती पकड एकाच प्रकारच्या तुकड्यावर बसते. शत्रू कोण येणार हे शरीराला आधी माहीत नसते, म्हणून ते अगणित वेगवेगळ्या किल्ल्या आधीच घडवून ठेवते. त्यांतल्या काही आपल्याच शरीराच्या कुलपांना लागतील, हा धोका असतोच. त्यामुळे छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत टी पेशींची कडक परीक्षा होते. शंभरातल्या पाचसुद्धा ती पार करून बाहेर पडत नाहीत. स्वकीयांवर उलटू शकणाऱ्या बहुतेक पेशी तिथेच संपवल्या जातात.

डेंड्रिटिक पेशीने आणलेला तुकडा गाठीतल्या पेशींपुढे धरला जातो. हजारो पेशी नुसत्या जवळून जातात. एखादीची पकड जुळते आणि ती दुभागू लागते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असे करत काही दिवसांत तिचे हजारो वंशज होतात. गाठ सुजते ती या गर्दीने. बी पेशींचे काही वंशज प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार करू लागतात. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे हे प्रथिनाचे रेणू शत्रूला चिकटतात, त्याला जखडतात आणि भक्षक पेशींना त्याचा पत्ता देतात. या साऱ्याला पाच ते सात दिवस लागतात. हा आठवडा ध्यानात ठेवावा, कारण पुढचा मोठा गैरसमज त्याच्यातूनच जन्मतो.

गाठीचा ताप

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी एक भयंकर निदान केले: प्लेग. लोक त्याला गाठीचा ताप म्हणत, कारण जांघेत आणि काखेत मोठ्या गाठी येत. ती गाठही लसीकाग्रंथीच होती. फरक एवढाच की प्लेगचा जिवाणू भक्षक पेशींच्या पोटात जाऊनही मरत नाही. तो तिथे तग धरतो, वाढतो आणि जिथे शत्रूविरुद्ध सभा भरायची त्या ग्रंथीलाच आपला तळ बनवतो. उपचाराविना या रोगाचे निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावत. पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुल्यांना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या काळी प्लेगवर देण्यासारखी एकही गोळी जगात कुठेच नव्हती.

मुंबईत प्लेगवर उपाय शोधायला आला वाल्डेमार हाफकिन, आणि तो होता ओडेसातला मेचनिकॉव्हचा विद्यार्थी. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा प्रयोगशाळेत त्याने प्लेगचे जिवाणू वाढवले, तापवून मारले आणि त्यांची लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा त्याने स्वतःला टोचून घेतली. मेलेला जिवाणू रोग देऊ शकत नाही, पण त्याचे तुकडे लसीकाग्रंथीपर्यंत पोचतात, तिथे सभा भरते, किल्ल्या जुळतात. लढाई संपल्यावर वाढलेल्या बहुतेक पेशी मरतात, काही मात्र वर्षानुवर्षे जिवंत राहतात. याच स्मृतिपेशी. खरा जिवाणू आला तर त्यांना पहिल्या वेळेसारखा आठवडा लागत नाही. हाफकिनच्या लशीने प्लेगचा धोका पूर्ण टळत नसे, पण बराच कमी होत असे. १८९९ मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणू लागले.

एकदा गोवर आला की सहसा पुन्हा येत नाही, तो या स्मृतीमुळे. कांजिण्यांचा विषाणू मात्र बरे झाल्यावरही शरीर सोडत नाही, मज्जापेशींत दडून बसतो. पन्नाशी-साठी उलटून पहारा ढिला पडला की तोच नागीण होऊन कमरेवर किंवा छातीवर उठतो.

गोळी कुठे लागते

१९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंगच्या काचेच्या बशीत बुरशी पडली आणि तिच्याभोवतीचे जिवाणू विरघळलेले दिसले. त्या बुरशीतले पेनिसिलिन औषध म्हणून वापरण्याइतके शुद्ध करायला मात्र ऑक्सफर्डच्या हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांना पुढे बरेच खपावे लागले. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्यांनी ते अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला दिले. चेहऱ्यावरच्या जखमेतून जिवाणू त्याच्या अंगभर पसरले होते. गुलाबाच्या काट्याने ओरखडा उठला होता, असे त्याच्याबद्दल अनेक वर्षे लिहिले गेले. नंतर त्याच्या मुलीने सांगितले की ती जखम बॉम्बहल्ल्यात झाली होती. औषधाने तो झपाट्याने सुधारू लागला. पण जगातला पेनिसिलिनचा साठाच इतका तुटपुंजा होता की त्याच्या लघवीतून ते पुन्हा वेगळे करून त्यालाच देत होते. अखेर साठा संपला, जिवाणू उलटले आणि मार्चमध्ये तो गेला. तेरा वर्षांनी, १९५४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने आपल्या पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि पेनिसिलिन देशातच होऊ लागले.

पेनिसिलिन मारते कसे? जिवाणूभोवती एक विणलेली भिंत असते. खाटेची नवार आडवी-उभी घट्ट ओढावी तसे तिचे धागे एकमेकांत गाठी मारून बांधलेले असतात. जिवाणू वाढताना ही वीण जागोजागी उसवतो आणि नव्या गाठी मारतो. गाठी मारणारे एक विकर असते. पेनिसिलिन त्यालाच जाऊन घट्ट चिकटते. उसवणे चालू राहते, गाठी मात्र पडत नाहीत. आत दाब मोठा, त्यात बाहेरचे पाणी शिरते आणि जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून पेनिसिलिन त्यांना धक्का लावत नाही. दुसरी औषधे दुसरीकडे वार करतात. अॅझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन जिवाणूच्या प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमला अडवतात, जो घडणीने आपल्या रायबोसोमपेक्षा वेगळा असतो. सिप्रोफ्लॉक्सासिन जिवाणूच्या डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकराला पकडते. प्रत्येक प्रतिजैविक असे जिवाणूत असणाऱ्या आणि आपल्यात नसणाऱ्या किंवा वेगळ्या असणाऱ्या भागावर नेम धरते.

यातली बरीच औषधे जिवाणूला मारतही नाहीत, फक्त त्याची वाढ थांबवतात. उरलेले काम न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज उरकतात. कर्करोगाच्या उपचारात ज्यांच्या पांढऱ्या पेशी फार कमी होतात, त्यांना उत्तम प्रतिजैविके देऊनही साधा संसर्ग जिवावर बेततो, कारण मागे फौज नसते. गोळी शत्रूला अडवून धरते. त्याचा निकाल पेशी लावतात.

दुसऱ्याच्या चुलीवर

आता विषाणू. घशातली एक पेशी क्रिकेटच्या मैदानाएवढी मानली, तर जिवाणू साधारण एस.टी. बसएवढा आणि फ्लूचा विषाणू बसजवळ उभ्या असलेल्या चार वर्षांच्या पोराएवढा ठरेल. या पोराकडे घरदार काही नाही. विणलेली भिंत नाही, रायबोसोम नाही, ऊर्जा तयार करण्याची सोय नाही. फ्लूच्या विषाणूकडे आरएनएचे आठ तुकडे आणि दहा-बारा प्रथिनांची कृती एवढेच सामान असते.

तो आपल्या पेशीवरच्या एका विशिष्ट शर्करेला चिकटतो. पेशी त्याला आत ओढून घेते. मग तो आपली कृती पेशीच्या स्वयंपाकघरात ठेवतो आणि आपली पेशी, आपल्याच रायबोसोमवर, आपलीच ऊर्जा खर्चून त्याची पोरे रांधू लागते. काही तासांत शेकडो नवे विषाणू बाहेर पडतात आणि शेजारच्या पेशींत शिरतात. अशा वेळी पेनिसिलिनने कोणती भिंत पाडायची? अॅझिथ्रोमायसिनने कोणता रायबोसोम अडवायचा? जो वापरला जातोय तो आपलाच आहे, आणि आपल्याला न दुखावणे हाच त्या औषधाचा गुण आहे. सर्दी, फ्लू, डेंग्यू, चिकुनगुन्या यांवर प्रतिजैविक चालत नाही ते याच कारणाने. त्याचा जोर कितीही वाढवला तरी लागायला जागाच नसते.

शरीर मात्र हातावर हात ठेवून बसत नाही. विषाणू शिरलेली पेशी मरण्याआधी शेजाऱ्यांना इशारा देते. तो इशारा म्हणजे इंटरफेरॉन. अॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी १९५७ मध्ये लंडनला त्याचा शोध लावला. इशारा मिळालेल्या पेशी दारे-खिडक्या लावून घेतात, प्रथिने बनवण्याचा वेग कमी करतात. तापात अंग मोडून येते, अंथरुणातून उठवत नाही, त्यात या इंटरफेरॉनचा मोठा वाटा असतो. कणकण आणि हुडहुडी हीसुद्धा शरीराने मेंदूला सांगून वाढवलेल्या तापमानाची लक्षणे आहेत.

त्यानंतर मारक टी पेशी येतात. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून दाखवत असते. त्यात विषाणूचा तुकडा दिसला की मारक टी पेशी त्या पेशीला छिद्र पाडते, आत रसायने सोडते आणि तिला मरायला लावते. पीटर डोहर्टी आणि रोल्फ त्सिंकरनागेल यांनी ऑस्ट्रेलियात सत्तरच्या दशकात ही ओळख कशी पटते ते दाखवले. १९९६ चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले. विषाणूशी लढताना शरीर आपल्याच पेशींचा बळी देते आणि रिकाम्या जागी नव्या पेशी उभ्या करते.

विषाणूंवर औषधेच नाहीत असेही नाही. फ्लूसाठी ओसेल्टामिविर आहे, नागिणीसाठी असायक्लोविर आहे, एचआयव्ही काबूत ठेवता येतो, हेपेटायटिस सी तर बहुतेकांत बराही होतो. पण यांतले प्रत्येक औषध ठरावीक विषाणूंपुरतेच असते, आणि ते प्रतिजैविक नव्हे.

कावळा आणि फांदी

सर्दी-तापाचे पहिले तीन दिवस माणूस काढा, वाफ आणि पॅरासिटामॉलवर काढतो. चौथ्या दिवशी कंटाळून मेडिकलमधून एखादी अँटिबायोटिकची पट्टी आणतो. सहाव्या दिवशी ताप उतरतो. गोळी लागू पडली, असे तो चारचौघांना सांगतो आणि पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी ती घेतो. आधी सांगितलेला आठवडा इथे आठवावा. गळ्यातल्या ग्रंथींत पेशी दुभागत होत्या, प्रतिपिंडे तयार होत होती, आणि ते काम सहाव्या-सातव्या दिवशी पुरे होणारच होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली. श्रेय मात्र कावळ्याला गेले.

हा गैरसमज निरुपद्रवी असता तर सोडून देता आला असता. आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात, त्यांतले बहुतेक आतड्यात. अन्न पचवायला ते मदत करतात आणि घातक जिवाणूंना पाय रोवू देत नाहीत. विनाकारण घेतलेली गोळी विषाणूला स्पर्शही करत नाही, पण या सोबत्यांची कत्तल करते. त्यात जे थोडे तगतात, ते तिला दाद न देणारे असतात. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय हा जिवाणू वीस मिनिटांत दुभागतो. त्या वेगाने एकाचे दहा तासांत १०७ कोटी होतात. शिवाय औषधावर मात करण्याची युक्ती सांगणारे डीएनएचे छोटे कडे जिवाणू एकमेकांना देतात, शेजारणीने वाटीभर विरजण द्यावे तसे, अगदी परक्या जातीच्या जिवाणूलाही.

याची सूचना फार आधी मिळाली होती. पेनिसिलिन तोडणारे विकर एडवर्ड एब्रहम आणि अर्न्स्ट चेन यांनी १९४० मध्येच, म्हणजे अल्बर्ट अलेक्झांडरला औषध मिळण्याच्याही आधी, जिवाणूत पाहिले होते. डिसेंबर १९४५ मधल्या नोबेल व्याख्यानात फ्लेमिंगने बजावले होते की अपुऱ्या मात्रेत पेनिसिलिन घेणारा माणूस जिवाणूंना मुरवतो आणि ते मुरलेले जिवाणू दुसऱ्याचा जीव घेऊ शकतात. २०१९ या एका वर्षात प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

म्हणून गोळीला घाबरायचे नाही, तिचा मान राखायचा. क्षय, विषमज्वर, न्यूमोनिया, पावसाळ्यातला लेप्टो, मुलांच्या हृदयाच्या झडपांपर्यंत पोचू शकणारा स्ट्रेप्टोकोकसचा घसा, या ठिकाणी योग्य प्रतिजैविक वेळेवर मिळाले नाही तर जीव जाऊ शकतो. ज्या गाठीच्या तापाने सावित्रीबाईंना नेले, तो आज लवकर ओळखला तर स्ट्रेप्टोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिनने बरा होतो. हे सामर्थ्य आपल्या नातवंडांसाठी शिल्लक ठेवणे आपल्या हातात आहे.

औषधाच्या पट्टीवर उभी तांबडी रेघ दिसली, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती घेऊ नका. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका, शेजाऱ्याला देऊ नका. डॉक्टरांनी दिले तर सांगितलेल्या मात्रेत आणि सांगितले तितके दिवस घ्या. आणि डॉक्टरांपुढे बसल्यावर "जोराची गोळी द्या" म्हणण्याआधी एवढे विचारा: हा आजार जिवाणूचा आहे की विषाणूचा?